कोऱ्या चकतीला देश नसतो: नाण्यांवरच्या तुमच्या प्रश्नांची उत्तरं

टाकसाळी एकच ब्लँक वेगवेगळ्या देशांच्या नाण्यांना वापरतात का? आणि आपल्या नाशिक रोडला नाणी पाडतात का? (देवळालीहून एक काका)

काका, दुसरं आधी सांगतो. नाशिक रोडला नोटा छापतात, नाणी नाही. नाण्यांच्या सरकारी टाकसाळी चार, मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा.

आता ब्लँक. ब्लँक म्हणजे छाप पडायच्या आधीची कोरी चकती, पत्र्यातून कापलेली, भट्टीत तापवून नरम केलेली, मग कड उचललेली. तिच्यावर कुणाचंच नाव नसतं, असतो फक्त धातू, व्यास, जाडी आणि वजन, आणि हे चारही जुळले की ती कुठल्याही देशाच्या ठशाखाली जाऊ शकते. मुद्दाम असं केल्याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण अमेरिकेचं आहे. महायुद्धात तांबं हवं होतं म्हणून १९४३ ला त्यांनी एक सेंटचं नाणं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं काढलं, १९४४ ला परत तांब्याकडे वळले, आणि पोलादी ब्लँक उरले. तेव्हाच बेल्जियम जर्मनांच्या ताब्यातून सुटत होता, त्यांना नाणी हवी होती, मग फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत त्याच ब्लँकवर बेल्जियमचे २ फ्रँक पाडले, तब्बल अडीच कोटी! आणि १९४४ चे काही सेंट चुकून पोलादावर पडले, ते आज फार दुर्मिळ आहेत.

पण रोज असं चालत नाही. प्रत्येक देश आपलं माप वेगळं ठेवायला बघतो, कारण नाणं टाकायच्या मशीनला राजाचं तोंड दिसत नाही, तिला आकार आणि धातू कळतो. थायलंडचं १० बाथ आणि २ युरो, दोन्ही साडेआठ ग्रॅमची, व्यासात पाव मिलिमीटरचा फरक, त्यामुळे युरोपातल्या मशीन फसल्यात.

जुना रुपया आणि दोन रुपयाचं नाणं हातात सारखंच लागतं, माझा भ्रम आहे का? (पंचवटीतून एक ताई)

अजिबात नाही ताई. आत्ता लिहिताना दोन्ही टेबलावर ठेवलीत, १९९८ चा रुपया आणि २०१४ चे दोन रुपये. एकावर एक ठेवून कडेवरून नख फिरवलं तर कुठे अडकतच नाही. दोन्ही २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम, दोन्ही स्टेनलेस स्टील. २०११ च्या मालिकेत जुन्या रुपयाचं माप दोन रुपयाला दिलं आणि जुन्या स्टीलच्या पन्नास पैशाचं (२२ मिलिमीटर, ३.७९ ग्रॅम) रुपयाला दिलं. म्हणजे चकती तीच, किंमत वाढली. महागाई कळायला मला याच्याइतकं सोपं दुसरं काही माहीत नाही.

पाच रुपयाच्या नाण्यावर सालाखाली रशियन अक्षरं आहेत, नकली आहे का? (सिडको)

नाही, खरं आहे, ते मॉस्कोच्या टाकसाळीत पाडलेलं आहे. नव्वदच्या दशकात आणि २००० च्या सुमाराला आपल्याकडे सुट्ट्यांची बोंब होती म्हणून बाहेरून नाणी पाडून आणली, १९८५ चा रुपया तर ब्रिटनमधूनही आला. उलटंही झालंय, १९४२-४३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पेनी आपल्या मुंबईत पडल्या.

"दुसऱ्या देशाच्या ब्लँकवरचा रुपया" म्हणून एकाने मला एरर कॉइन (टाकसाळीत चुकीचं पडलेलं नाणं) महागात विकलं. खरं असू शकतं? (कॉलेज रोड)

असू शकतं. जी टाकसाळ अनेक देशांची कामं घेते तिथे ब्लँकच्या पेटीच्या कोपऱ्यात आधीच्या कामाचे दोन-चार ब्लँक अडकून राहतात आणि पुढच्या कामात जातात, या जातीची खरी एरर कॉइन अशी होतात. पण विकणाऱ्याच्या शब्दावर पैसे देऊ नका, कृपा करून देऊ नका. सराफ बाजारात कुठल्याही पेढीवर काट्यावर ठेवून बघा, व्हर्नियरने व्यास घ्या, चुंबक लावा. वजन आणि व्यास आपल्याच नाण्याचे भरले तर ते बहुधा साधंच नाणं आहे, आणि थोडं कमी भरलं तर ते नुसतं झिजलेलं किंवा ॲसिडमध्ये बुडवलेलं असू शकतं. मला पण सुरुवातीला एकाने असंच फसवलंय, ४.८५ ग्रॅम भरलं तेव्हा खूप वाईट वाटलं होतं.

जुन्या काळी दुसऱ्याच्या नाण्यावरच छाप मारायचे म्हणे? (सिन्नर)

अहो तुमच्याच तालुक्यात त्याचा पुरावा निघालाय! गोदावरी-दारणेच्या संगमावर जोगलटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, सगळी क्षत्रप (शक राजा) नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला. वितळवलीसुद्धा नाहीत. शत्रूचं नाणं हाच ब्लँक. त्या नाण्याचा चांगला फोटो मिळाला तर मोठा करून बघा, सातवाहनांच्या कमानींच्या डोंगराच्या चिन्हाखाली नहपानाचं नाक आणि गाल अजून दिसतात.