माझ्या पतींच्या प्रत्यारोपित मूत्रपिंडात ६ मिलिमीटरचा खडा आहे, पण दुखत नाही, थांबावे का?

तुमच्या पतींना काहीच दुखत नाही, यावर कृपया अजिबात विसंबू नका. प्रत्यारोपणात मूत्रपिंडाचे मज्जातंतू तोडलेले असतात, त्यामुळे खडा अडकला तरी ती नेहमीची कळ बहुधा येतच नाही.

माझ्या आईने २०१४ साली मला मूत्रपिंड दिले. २०१९ च्या जुलैत, भांडुपच्या घरी, दिवसभरात मापाच्या भांड्यात जेमतेम दीडशे मिलिलिटर लघवी जमली. ओटीपोटात उजवीकडे जडपणा होता, एवढेच. मोठे मेहुणे म्हणाले, "खडा असता तर गडाबडा लोळला असतास," आणि कुळथाचे कढण व भरपूर पाणी घेण्याचा त्यांनी आग्रह धरला. मी ऐकले, ही माझी चूक. पुढची वाट बंद असताना वरून पाणी ओतून काय साधणार होते? रात्री रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम घटले की ते वाढते) १.३ वरून ४.१ वर गेलेले निघाले आणि ९ मिलिमीटरचा खडा मूत्रवाहिनीच्या तोंडाशीच दिसला. त्याच रात्री सोनोग्राफीत पाहत पोटाच्या पुढच्या बाजूने मूत्रपिंडात नळी घातली. पिशवीत लालसर थेंब पडू लागले, तेव्हा आई पदर तोंडाशी धरून ते मोजत बसली होती. क्रिएटिनिन उतरल्यावर त्याच वाटेने दुर्बिणीने खडा फोडून काढला. नवी मूत्रवाहिनी मूत्राशयाला वरच्या बाजूस जोडलेली असल्यामुळे खालून दुर्बीण नेणे अवघड असते.

मेहुणे आजही लग्नकार्यात सांगतात की, खडा आईच्या मूत्रपिंडासोबतच आला. असे क्वचित घडते, हे खरे. पण दानापूर्वीच्या तिच्या सीटी स्कॅनमध्ये एकही खडा नव्हता. माझ्या रक्तात मात्र कॅल्शियम आणि पॅराथायरॉइडचे, म्हणजे रक्तातले कॅल्शियम वाढवणाऱ्या गळ्यातल्या छोट्या ग्रंथींचे, हार्मोन वाढलेले सापडले; खड्याचे मूळ तिथे होते. मूत्रपिंड निकामी असताना फुगलेल्या त्या ग्रंथी माझ्या होत्या, आईच्या नव्हेत.

तुमच्या पतींच्याही या दोन तपासण्या करून घ्या. लहान, न अडकलेल्या खड्यावर कधी कधी नुसते लक्ष ठेवतात, कधी बाहेरून लहरी सोडून तो फोडतात. ६ मिलिमीटरचे काय करायचे, हे प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे. तोवर काढे आणि वेदनाशामक गोळ्या दोन्ही बंद ठेवा, आणि ताप आला किंवा लघवी घटली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, मग घरातले वडीलधारे काहीही म्हणोत.