टेक्सासमध्ये अंगावर झाकून बाळगण्यासाठी पहिले पिस्तूल कोणते घ्यावे?

तुम्ही लिहिले आहे की ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलात तुम्ही नर्स आहात, रात्रपाळी संपवून पहाटे पार्किंगपर्यंत एकटीने चालत जावे लागते, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड हाती आले, उंची पाच फूट एक इंच आहे, हात लहान आहेत, आणि दुकानदाराने ‘बायकांना हेच बरे पडते’ असे म्हणून पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर तुमच्यापुढे ठेवले. घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि शिकायला आलेला धाकटा दीर सोबत राहतो. तुमचा प्रश्न ‘कोणते घ्यावे’ एवढाच आहे, परंतु त्याचे उत्तर बऱ्याच अंशी या तपशिलांतूनच निघते, म्हणून मी ते आधी मांडून घेतले.

मी मूळची मिरजेची. टेक्सासात येऊन बावीस वर्षे झाली. माझ्यापुढेही एका दुकानात असेच रिव्हॉल्व्हर ठेवले गेले होते आणि मी ते मुकाट्याने विकत घेतले. वजन जेमतेम चारशे ग्रॅम, मागे खेचायला स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) नाही, पाच काडतुसे बोटाने घालायची आणि त्यांचे गोल चक्र बंद करायचे. काउंटरवर हातात घेतले तेव्हा ते खेळण्यासारखे सोपे वाटले होते. नेमबाजीच्या रेंजवर पंधराव्या गोळीनंतर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला बेचका बधिर झाला, आणि सात यार्डांवरच्या कागदावरची भोके रांगोळीचे ठिपके पिशवीतून सांडावेत तशी पसरलेली दिसली. दोष माझ्या हाताचा आहे असे मी कित्येक दिवस समजत होते. खरे कारण साधे आहे: काडतूस तेच ठेवून हत्यार हलके केले की सगळा झटका मनगटावर येतो. शिवाय अशा रिव्हॉल्व्हरचा चाप दर वेळी ओढायला सुमारे बारा पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास जोर लागतो. चारशे ग्रॅमची वस्तू हवेत स्थिर धरून तिच्यावर साडेपाच किलोचा जोर एका बोटाने द्यायचा, तर तिचे तोंड हलणारच. त्यात नळी दोन इंचांहूनही आखूड, त्यामुळे नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात अंतर इतके कमी की नेमातली केसाएवढी चूक कागदावर वीतभर होते. हे मुरलेल्या नेमबाजाचे हत्यार आहे आणि ते नवशिक्यांना विकले जाते. माझे दोन वर्षे कपाटात पडून होते, कारण जे हत्यार चालवताना हात दुखतो त्याचा सराव कोणी करीत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की तुम्ही ९ मिलिमीटर काडतुसाचे, पाचशे ग्रॅम किंवा त्याहून थोडे अधिक वजनाचे, ज्याच्या मुठीवर तुमची तिन्ही बोटे पूर्ण बसतात असे पिस्तूल पाहावे. दहा वर्षांपूर्वी हा सल्ला देणे अवघड होते. २०१५ साली आलेल्या ग्लॉक ४३ सारख्या पातळ पिस्तुलांच्या मॅगझीनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत) सहाच गोळ्या मावत, आणि जास्त हव्या असल्या तर मूठ जाड होई. २०१८ मध्ये सिग साउअरने पी३६५ आणले, तेव्हा मॅगझीनमध्ये काडतुसे खाली दुपदरी आणि वर एकपदरी रचून साधारण तेवढ्याच आकारात दहा गोळ्या बसवल्या. पुढच्याच वर्षी स्प्रिंगफील्डचे हेलकॅट आणि ग्लॉक ४३एक्स आले. आज या तिघांपैकी कोणतेही घेतले तरी तुमची फसगत होणार नाही, आणि त्यांच्यातला फरक इंटरनेटवरच्या वादांतून ठरवण्यापेक्षा तुमच्या हाताने ठरवावा. पिस्तूल धरल्यावर नळी मनगट आणि कोपर यांच्या सरळ रेषेत असावी, आणि त्याच स्थितीत तर्जनीचे पहिले पेर चापावर टेकावे. चापापर्यंत पोहोचण्यासाठी पिस्तूल मुठीत फिरवावे लागत असेल तर ते कितीही नावाजलेले असो, तुमच्यासाठी नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लपवायचे म्हणून लोक आखूड नळी मागतात, पण नळी पँटच्या आत खाली जाते आणि तिच्या लांबीचा एक इंच कोणालाही दिसत नाही. कापडाखाली उठून दिसते ती मूठ, विशेषतः तिची मागची खालची टाच. ग्लॉक १९ हे १९८८ पासूनचे पिस्तूल चालवायला उत्तम आहे आणि त्यात पंधरा गोळ्या बसतात, तरी तुमच्या उंचीच्या बाईच्या कुर्त्याखाली त्याची मूठ लगेच ओळखू येईल.

स्लाइड खेचता येणार नाही अशी भीती घालूनच बहुधा तुम्हाला रिव्हॉल्व्हर दाखवले गेले असेल. बहुतेकींना ती येते. चुकते ती पद्धत. पिस्तूल छातीजवळ आणून, बोट चापाच्या बाहेर आणि तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, डाव्या हाताने स्लाइडचा माथा घट्ट धरायचा आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. बोटांच्या चिमटीने मागे ओढत बसायचे नाही. संधिवातामुळे हेही जमत नसेल तर स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझेड ही मालिका मऊ स्प्रिंगसाठीच काढलेली आहे. तिचे पहिले पिस्तूल .३८० या कमी जोराच्या काडतुसाचे होते आणि ९ मिलिमीटरचे २०२० साली आले. .३८० चा झटका सौम्य असला तरी मारही कमी आहे, त्यामुळे ९ मिलिमीटर झेपत असेल तर तेच घ्यावे. त्याहून मोठ्या काडतुसाच्या मोहात पडू नये. १९८६ साली मायामीतल्या चकमकीत दोन एजंट मारले गेल्यावर एफबीआय आधी १० मिलिमीटरकडे आणि मग .४० या काडतुसाकडे वळली, आणि सुमारे तीन दशकांनी पुन्हा ९ मिलिमीटरवर आली, कारण दरम्यान गोळ्या सुधारल्या होत्या आणि कमी झटक्यामुळे तिच्या माणसांचा नेम अधिक अचूक लागत होता. सराव साध्या गोळ्यांनी करावा; अंगावर बाळगताना मात्र शरीरात फुलणाऱ्या पोकळ टोकाच्या गोळ्या भराव्यात, कारण त्या आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याचा धोका कमी असतो.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. व्यवस्थापनाची लेखी परवानगी नसेल तर हॉस्पिटलात हत्यार नेण्यास टेक्सासच्या कायद्याने मनाई आहे. पार्किंग आणि पायवाट त्या मनाईत येत नाहीत, आणि कायदेशीरपणे बाळगलेले हत्यार कर्मचाऱ्याने कुलूपबंद गाडीत ठेवण्यास बहुतेक मालकांना हरकत घेता येत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा, की पाळीवर असताना तुमचे पिस्तूल गाडीत असेल, आणि पहाटे दारापासून गाडीपर्यंतच्या ज्या दोनशे पावलांची तुम्हाला भीती वाटते ती तुम्ही निःशस्त्रच चालाल. दुकानदाराने हे सांगितले नसेल. त्या पावलांसाठी सुरक्षारक्षकाला गाडीपर्यंत सोबत करण्यास सांगावे. अनेक हॉस्पिटलांत ही सोय असते आणि ती मागण्यात कमीपणा नाही. नियमांत बसत असेल तर मिरचीचा फवारा जवळ ठेवावा. पिस्तूल घ्यायचे ते गाडीपासून घरापर्यंतच्या आणि सुट्टीच्या दिवसांच्या गरजेसाठी, हे आधी मनाशी स्पष्ट असू द्यावे.

यावरून होल्स्टरची, म्हणजे पिस्तूल अंगावर ठेवायच्या म्यानाची, निवडही ठरते. तुम्हाला दिवसातून दोनदा गाडीत बसून हत्यार काढावे आणि चढवावे लागेल, आणि अपघाती गोळ्या सुटतात त्या नेमक्या अशा हाताळणीत. म्हणून होल्स्टर कडक प्लास्टिकचे, चाप पूर्ण झाकणारे आणि पिस्तुलासकट कमरेवरून निघणारे हवे, म्हणजे पिस्तूल त्यातून बाहेर न काढता तसेच्या तसे गाडीतल्या पोलादी पेटीत ठेवता येईल. ती पेटी केबलने सीटच्या सांगाड्याला बांधलेली असावी. डॅशबोर्डमधला ग्लव्ह बॉक्स ही चोरांनी सर्वांत आधी उघडायची जागा आहे. तुमच्या स्क्रब्जच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या गणवेशाच्या, नाडीला अर्धा किलोचे ओझे पेलत नाही, त्यामुळे कपड्यांच्या आत कमरेला स्वतंत्रपणे बांधायचा पट्टा आणि त्यावर कडक होल्स्टर असा प्रकार पाहावा. नुसत्या लवचिक कापडाच्या खिशात ठेवू नये, कारण कापडावरूनही चाप दाबला जातो.

पर्सचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यातल्या हेडन गावी, मोठ्या दुकानात खरेदी करताना, एका दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधले पिस्तूल काढले आणि त्यातून सुटलेल्या गोळीने ती जागीच गेली. ती पर्स हत्यार ठेवण्यासाठीच बनवलेली होती आणि कप्प्याला चेन होती. तुमची मुलगी चार वर्षांची आहे, एवढेच येथे लिहिते.

घरी पिस्तूल अंगावर नसेल तेव्हा ते कुलपात असले पाहिजे. निष्काळजीपणे ठेवलेले भरलेले हत्यार सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती लागले, तर ठेवणाऱ्यासाठी तो टेक्सासमध्ये गुन्हा आहे. दिराबद्दल तर अधिक सावध राहा. तो विद्यार्थी व्हिसावर असेल, तर संघराज्याच्या कायद्यानुसार शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद वगळता त्याला बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवता येत नाही. एच-१बी वर असलेल्यांनाही हाच नियम लागू आहे, आणि आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांना तो ठाऊक नसतो. पेटीचा आकडा त्याला सांगू नका, ‘जरा गाडीतून आत आणून ठेव’ असेही कधी म्हणू नका, आणि रेंजवर हौसेने नेऊ नका.

तुमचे ग्रीन कार्ड असल्यामुळे खरेदीला अडचण नाही. दुकानात फॉर्म ४४७३ भरून पार्श्वभूमी तपासली जाईल. परंतु बंदुकीच्या एखाद्या गुन्ह्यात दोष सिद्ध झाला तर अमेरिकी नागरिकाला दंड भरून सुटता येईल तेथे ग्रीन कार्डधारकाची देशातून रवानगी होऊ शकते. म्हणून १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याविना पिस्तूल बाळगता येत असले, तरी तुम्ही परवाना काढाच. चार ते सहा तासांचा वर्ग आणि ३, ७ व १५ यार्डांवरून पन्नास गोळ्यांची परीक्षा असते, २५० पैकी १७५ गुण लागतात. एक तर कोठे नेता येत नाही हे कोणीतरी बसवून शिकवते: लाल ५१ टक्क्यांची पाटी (निम्म्याहून अधिक कमाई दारूची असल्याची खूण) असलेला बार, पोस्ट ऑफिस, झाकून बाळगलेल्या पिस्तुलाला मनाई करणारी ३०.०६ क्रमांकाची सूचना लावलेले दुकान. दुसरे म्हणजे शाळेपासून हजार फुटांच्या आत हत्यार नेण्यावर संघराज्याची बंदी आहे, तिच्यातून राज्याच्या परवानाधारकाला सूट मिळते; मुलीला शाळेत सोडण्याचा रस्ता त्याच हद्दीतून जाईल.

विकत घेण्याआधी भाड्याने पिस्तुले देणाऱ्या रेंजवर एक सकाळ काढा. वर सांगितलेल्यांपैकी तीन निवडा, प्रत्येकातून पन्नास गोळ्या सात यार्डांवरून झाडा आणि प्रत्येकाचा कागद वेगळा ठेवा. पहिल्या दहा गोळ्यांकडे लक्ष देऊ नका, तेव्हा सगळेच सावध असतात. हात थकल्यावरच्या शेवटच्या दहा जेथे एकत्र पडल्या असतील ते पिस्तूल घ्या. सोबत शिकवणारा प्रशिक्षक असावा, नवऱ्याला शिकवायला बसवू नका. माझ्या घरी त्यावरून दोन दिवस अबोला झाला होता.

रेंजसाठी एक पिशवी वेगळी ठेवा आणि ती घेऊन सुट्टीत भारतात जाऊ नका. शिवणीत अडकलेले एक काडतूस मुंबई विमानतळावरच्या यंत्रात दिसले तरी आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, आणि ते नकळत राहिले होते हे पटवून देण्यासाठी वकील आणि न्यायालय यांच्यात पुढचे महिने जातात. मी माझ्या पिशवीवर मराठीत मोठ्या अक्षरांत ‘मिरजेला नेऊ नये’ असे लिहून ठेवले आहे.