पदाचा आराखडा मागणाऱ्या वडिलांना

सप्रेम नमस्कार.

पेनसिल्व्हेनियातून आपण पाठवलेले सविस्तर पत्र मी लक्षपूर्वक वाचले. आपली कन्या बारावीत आहे, रसायनशास्त्रात तिला उत्तम गुण आहेत आणि तिने डॉक्टर व्हावे अशी आपली इच्छा आहे. तिला मात्र कायदा शिकून पुढे राज्याची ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्य सरकारची मुख्य वकील, आणि त्यानंतर गव्हर्नर व्हायचे आहे. "ती ऐकणारच नसेल, तर निदान पंचेचाळिशीच्या आत ती या पदांवर पोहोचेल असा वर्षवार आराखडा तरी द्या," असे आपण लिहिता. तसा आराखडा मी देणार नाही, आणि त्याचे कारण तिच्या कुवतीत नसून आपल्या पत्रात आहे.

पत्रभर तिचे गुण आहेत, तिच्या आवडीचे कारण मात्र एकदाच आले आहे आणि तेही कंसात. शेजारच्या वृद्ध बाईंकडून घरदुरुस्तीच्या ठेकेदाराने आगाऊ रक्कम घेतली आणि तो पुन्हा फिरकलाच नाही, तेव्हा आपल्या मुलीने त्यांना ॲटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाचा तक्रार अर्ज भरून दिला, पावत्या आणि धनादेशाची प्रत जोडली आणि पैसे परत मिळेपर्यंत पाठपुरावा केला. त्यावर आपली टिप्पणी एवढीच, की हे सारे ऐन परीक्षेच्या तोंडावर झाले. साहेब, संपूर्ण पत्रात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे. ज्या कार्यालयाची प्रमुख होण्याचे स्वप्न ती पाहते, त्याचा सामान्य माणसाला नेमका काय उपयोग होतो, हे तिने स्वतः कागद हाताळून पाहिले आहे. या वयात एवढे पक्के कारण सांगू शकणारी मुले माझ्याकडे फार थोडी येतात.

त्याहून अधिक खटकले ते पुढचे. उन्हाळ्यात ती एका स्थानिक उमेदवाराच्या प्रचारासाठी घरोघर जात होती आणि "दारोदार फिरणे आपल्या घराण्याला शोभत नाही" म्हणून आपण ते बंद केले. पद हवे, पण त्या पदाकडे नेणारे काम नको, अशी ही भूमिका आहे. स्पष्ट लिहिते, की मुलीने वैद्यकीय शाखा नाकारली याचे दुःख आपल्याला आहेच, पण चारचौघांत सांगता येईल असे काहीतरी तिच्याकडून त्याच्या बदल्यात हवे आहे, असे मला पत्र वाचताना सतत जाणवत राहिले. तिच्यावरचा खरा ताण हा आहे.

या भूमिकेच्या मुळाशी एक गैरसमज आहे. ॲटर्नी जनरल म्हणजे आपल्याकडच्या महाधिवक्त्यासारखे पद, जे वकिलीत नाव कमावले की ज्येष्ठतेने चालून येते, असे आपण गृहीत धरले आहे. महाराष्ट्रात घटनेच्या कलम १६५ नुसार महाधिवक्त्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि खुद्द राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात, त्यामुळे मतदारांशी या दोघांचाही थेट संबंध येत नाही. अमेरिकेत ५० पैकी ४३ राज्यांत ॲटर्नी जनरल थेट मतदार निवडतात, पेनसिल्व्हेनियात ही पद्धत १९८० पासून आहे, आणि गव्हर्नर तर सर्वच राज्यांत निवडून येतो व आपल्या मुख्यमंत्र्याप्रमाणे कारभार चालवतो. पेनसिल्व्हेनियात दोन्ही पदांसाठी नागरिकत्व, किमान ३० वर्षे वय आणि सात वर्षांचे वास्तव्य लागते, ॲटर्नी जनरलला त्याखेरीज राज्याची वकिलीची सनद लागते. या अटी पुऱ्या करणारे हजारो वकील आहेत. त्यांतून एकाची निवड होते ती मतपेटीतून, बढतीच्या यादीतून नव्हे.

आपलेच गव्हर्नर जॉश शपिरो यांची वाटचाल पाहा. रॉचेस्टर विद्यापीठात ते आरंभी वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या तयारीत होते, नंतर राज्यशास्त्राकडे वळले. संसद सदस्यांच्या कार्यालयांत नोकरी करत त्यांनी जॉर्जटाउनच्या सायंकालीन वर्गांतून २००२ मध्ये कायद्याची पदवी घेतली. २००४ मध्ये हजारो दारे ठोठावून, अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाच्या एका माजी सदस्याला हरवून ते राज्य विधिमंडळात गेले. त्यानंतर माँटगोमेरी काउंटीचा (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाचा) कारभार पाहिला आणि २०१६ मध्ये ॲटर्नी जनरल म्हणून निवडून आले, तेही पूर्वी कधी सरकारी अभियोक्ता नसताना, आणि विरोधकांनी तो प्रचाराचा मुद्दा केला होता. २०१८ मध्ये त्यांच्या कार्यालयाने ग्रँड ज्युरीचा, म्हणजे आरोपांची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा, जो अहवाल जाहीर केला, त्यात ३०० हून अधिक कॅथलिक धर्मगुरूंवर बालकांच्या लैंगिक शोषणाचे आरोप होते आणि ओळख पटलेल्या पीडितांची संख्या १,००० हून अधिक होती. २०२२ मध्ये ते गव्हर्नर म्हणून निवडून आले. यातला कोणता टप्पा आपण मुलीच्या आराखड्यात आधी लिहून ठेवला असता?

आणि याच वाटेवर अपयशही आहे. मॅसॅच्युसेट्सच्या ॲटर्नी जनरल मार्था कोकली २०१४ मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक थोड्या फरकाने हरल्या, तर ॲटर्नी जनरलच्या त्याच खुर्चीवर त्यांच्यानंतर आलेल्या मॉरा हीली २०२२ मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकल्या. मराठी नावाला तिथे मत कोण देणार, ही आपली शंकाही मला पुरेशी वाटत नाही. बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत फेरीतच हरले, पण २०२० मध्ये राज्य विधिमंडळात आणि २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले. हरल्यावर पुन्हा उभे राहण्याचे बळ मुलीत असावे लागेल, आणि ते घरातून मिळाले तर टिकते.

अभ्यासाचा मार्ग सरळ आहे: चार वर्षांची कोणतीही पदवी, एलसॅट ही विधी महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा, तीन वर्षांचे विधी शिक्षण आणि वकिलीच्या सनदेसाठी राज्याची बार परीक्षा. या शिक्षणावर मोठे कर्ज होऊ शकते, म्हणून पहिल्या पदवीसाठी खर्च कमी असलेले आणि शिष्यवृत्ती देणारे विद्यापीठ पाहावे. वकिली करून तिला राजकारण नकोसे झाले, तरी ग्राहक हक्कांचे किंवा सरकारी वकिलीचे काम तिला उपजीविका आणि समाधान दोन्ही देईल.

प्रचाराचे तिचे काम येत्या शनिवारपासून पुन्हा सुरू होऊ द्या. पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे आणि आपण ते पाठवण्यापूर्वी वाचू नये. आणि पदवी व वैद्यकीय शिक्षण जोडून असलेल्या अभ्यासक्रमांचे जे अर्ज आपण तिला न सांगता भरले आहेत, त्यांविषयी तिला आजच सांगा आणि ते ठेवायचे की मागे घ्यायचे, हे तिला ठरवू द्या.