चुनखडीतली खडी आणि कळीचा चुना

प्रश्न खटाव तालुक्यातून आला आहे: गावाबाहेर ओढ्याकाठी चुन्याची पडकी भट्टी आहे, शेजारी उकरलेले खड्डे. तर ‘चुनखडी’तली खडी म्हणजे रस्त्यावर टाकतात तीच का?

नाही. रस्त्यावरची खडी ही खड्याची लेक. चुनखडीतली खडी संस्कृत खटी-खटिकेकडची, म्हणजे शाळेतल्या खडूची सख्खी बहीण. आणि त्या खड्ड्यांना कृपा करून ‘चुनखडकाची खाण’ म्हणू नका. हल्ली जो तो म्हणतो. सातारा-सांगली काळ्या पाषाणाचा मुलूख, इथे चुनखडकाचे थर येणार कुठून? इथे मिळतात ते ओढ्याच्या काठात, काळ्या रानाच्या पोटात धरलेले पांढुरके गोटे. तीच आपली चुनखडी. तासगावचा द्राक्षवाला ‘रान चुनखडीचं आहे’ असं म्हणतो ते काही कौतुकानं नव्हे. अशा रानात वेलीला लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात.

पण विचारायला हवा होता तो शब्द वेगळाच: कळीचा चुना. भट्टीतून निघालेला, अजून पाणी न लागलेला चुना. ही कळी कुठली? हिंदी कोशकार त्यांच्याकडच्या चुन्याच्या ‘कली’ला थेट अरबी कलईशी नेऊन भिडवतात आणि आपल्याकडचे विद्वान माना डोलावतात. अहो, त्या कलईची मराठीत कल्हई झाली, ती भांड्यांना लावतात! एकच पाहुणा दोन दारांनी कशाला येईल? शिवाय त्या ‘ळ’चं काय करायचं? अरबीतून आलेला कलम आपल्याकडे कलमच राहिला, वकील वकीलच राहिला. ‘ल’चा ‘ळ’ होतो तो प्राकृतातून घरंगळत आलेल्या जुन्या शब्दांत. फल-फळ, काल-काळ, तशीच कलिका-कळी.

चुन्याला फुलाची कळी कशासाठी, म्हणाल. एकदा ढेकळावर पाणी शिंपडून पाहा (लांबून, डोळ्यांत उडाला तर डोळे जातील). क्षणभर काहीच नाही. मग ते सुस्कारतं, तापतं, तडकतं, पाकळ्या सुटाव्यात तसे पापुद्रे उघडतात आणि बघता बघता दुपटी-तिपटीनं फुलून त्याचं पीठ होतं. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर ४४ किलो वायू होऊन उडून जाते. उरलेले ५६ किलो असे तहानलेले असतात. फुलायचा राहिला तो कळीचा, फुलून गेला तो विरलेला. हे नाव चुन्याच्या हौदाशी उभं राहिल्याशिवाय सुचणं शक्य नाही.

आक्षेप मला ठाऊक आहे: ओढ्यातल्या गोट्यांचा चुना मातीमिश्रित, तो उशिरा आणि बेताचाच फुलतो. खरं आहे. म्हणूनच पानाला नि सफेदीला शुभ्र कळीचा चुना विरवून, आणि बांधकामाला हा, ओलीतही घट्ट धरणारा. तुमची भट्टी बांधकामाच्याच चुन्याची असणार. जवळपास गोल दगडी चर आणि जाडजूड दगडी चाक दिसलं तर ती चुन्याची घाणी; बैल फिरवून चुना-वाळू मळायची जागा. तिला तेलाचा घाणा म्हणणारा कुणी गावात भेटेलच. त्याला एवढंच विचारा, इतक्या लांब चरातून तेल गोळा कसं करायचे?