ब्राउझर बंद केला की युजर लॉगआउट होतो. कुकीत युजर आयडी ठेवू का?

तुम्ही कुकीला (साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद) मुदतच दिलेली नाही, म्हणून ब्राउझर बंद झाला की ती जाते. मॅक्स-एज द्या. ते सेकंदांत असतं, ३० दिवसांसाठी २५९२०००.

पण नुसता युजर आयडी कुकीत? अजिबात नको. ४१ चा ४२ केला की शेजाऱ्याच्या खात्यात! घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्स अ‍ॅपमध्ये मी हेच करून बसलो होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या पोराने माझ्यासमोर सेक्रेटरीकाकांच्या खात्यात शिरून दाखवलं. नशीब, पोरगा सरळ होता.

लॉगिनच्या वेळी सर्व्हरवर ३२ बाइटचं रँडम टोकन, म्हणजे अंदाज न बांधता येणारा लांब कोड, बनवा. कुकीत तेवढंच ठेवा. डेटाबेसमध्ये त्याचा हॅश (ज्यावरून मूळ टोकन परत काढता येत नाही असा ठसा), युजर आणि मुदत. लॉगआउटला ती नोंदही उडवा, नुसती कुकी पुसून भागत नाही. कुकीला एचटीटीपी-ओन्ली (जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही), सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवरून जाते) आणि सेमसाइट लॅक्स (दुसऱ्या साइटवरून आलेल्या बहुतेक रिक्वेस्टसोबत जात नाही) लावाच.

आणि हो, कुकी सर्व्हरकडूनच पाठवा. जावास्क्रिप्टने लावलेली कुकी सफारी ७ दिवसांत काढून टाकतो. क्रोम ४०० दिवसांपुढची मुदत मानत नाही, पण एवढी हवीय कुणाला! पासवर्ड बदलताना मात्र जुना पासवर्ड पुन्हा विचारा, लॉगिन असलं तरी.