लग्नात कॅन्डिड (पोझ न देता टिपलेले) फोटो काढायचेत? आधी गुरुजींना भेट

पहिल्यांदाच लग्नाचे फोटो काढायचेत ना? मग मुहूर्ताआधी गुरुजींना गाठ. अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार, कानपिळी कधी, हे त्यांच्याइतकं नीट कुणी सांगत नाही. कानपिळी तर दोन सेकंदांत उरकते.

मंगलाष्टकं सुरू झाली की सगळे कॅमेरे वधूवरांवर रोखलेले असतात. तू मधूनच मागे वळ. मूठभर अक्षता धरून उभी आजी, मुलीच्या पाठीशी मामा, चष्मा काढून डोळे टिपणारे वडील. माझ्या मते अल्बममधले जपायचे फोटो तिथेच मिळतात. शेवटच्या ‘सावधान’ला अक्षता हवेत थिजलेल्या हव्या असतील तर शटर निदान १/५०० सेकंद, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० वर गेला तरी चालेल. दाणेदार फोटो लोक चालवून घेतात, हललेला नाही.

हॉलच्या एलईडीखाली सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर टाळ, फोटोत पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पट्टे दिसलेच तर शटर १/१०० वर आण. अक्षतांच्या रेघा होतील, होऊ देत. लेन्स ३५ मिमी पुरे.

पंगतीत घास तोंडात असलेल्यांना सोड. उखाण्याला मात्र हजर राहा, आणि कॅमेरा नाव घेणारीवर कमी, ऐकणाऱ्यांवर जास्त ठेव.