जगातील सर्वांत लहान घोरपड कोणती आणि तशी घोरपड भारतात का आढळत नाही?

लांबीने पाहिले तर हा मान ऑस्ट्रेलियातील आखूड शेपटीच्या घोरपडीला द्यावा लागतो. तिला वारानस ब्रेव्हिकॉडा हे शास्त्रीय नाव प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज बूलेंजर यांनी १८९८ साली दिले. पूर्ण वाढ झाल्यावरही ती नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत २० ते २५ सेंटिमीटरच भरते. २०१४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील डॅम्पियर द्वीपकल्पातून वारानस स्पार्नस ही तितकीच ठेंगणी जात नोंदवली गेली. तिचे वजन जेमतेम १६ ग्रॅमपर्यंत जाते. इंडोनेशियातला कोमोडो ड्रॅगन वारानस याच गटातला, आणि तो ७० किलोंच्या घरात जातो! तरीही सापासारखी दुभंगलेली जीभ, लांब मान आणि बळकट नख्या ही घोरपडीची ठेवण लहानग्या जातींतही तशीच असते.

ब्रेव्हिकॉडा मध्य आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील लाल वाळूच्या प्रदेशात राहते. तेथे स्पिनिफेक्स नावाच्या गवताचे गोल ठोंब वाढतात आणि त्यांची पाती सुईसारखी टोचतात. या ठोंबांच्या आत किंवा बुडाशी खणलेल्या बिळात तिचे बहुतेक आयुष्य जाते. नाकतोडे, कोळी, गोमा आणि कीटकांची अंडी तिला तेथेच मिळतात, आणि एखादी लहान सापसुरळी सापडली तर तीही ती सोडत नाही. वाळवंटातील सरड्यांचा अनेक दशके अभ्यास करणाऱ्या एरिक पियांका यांनाही ती उघड्यावर क्वचितच दिसली; हाती आलेल्या बहुतेक घोरपडी सापळा म्हणून जमिनीत पुरलेल्या बादल्यांत पडलेल्या होत्या. तिची जाड शेपटी जवळजवळ धडाइतकीच लांब असते. आपल्या घोरपडीची शेपटी मात्र धडापेक्षा बरीच लांब असते.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. भारतात घोरपडीच्या चार जाती आहेत, पण त्यांत अशी वीतभर लांबीची एकही नाही. पियांका आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक सॅम्युअल स्वीट यांनी याचे कारण लहान मांसाहारी सस्तन प्राण्यांच्या स्पर्धेत शोधले, आणि मला ते पटते. आपल्याकडे कीटक, उंदीर, सरडे आणि अंडी यांवर मुंगूस, जवादी मांजर आणि रानमांजर आधीपासूनच जगतात. हे प्राणी लहान घोरपडीलाही सहज मारून खातील. कोकणातल्या कुठल्याही बांधावर मुंगूस बिळात तोंड खुपसून उकरताना पाहिले, की तेथे १६ ग्रॅमच्या घोरपडीचा निभाव कसा लागेल, हा प्रश्न पडतोच. ऑस्ट्रेलियात मुंगूसही नव्हते आणि मांजरेही नव्हती. तेथे मांसाहारी शिशुधान (पोटावरच्या पिशवीत पिल्ले वाढवणारे) प्राणी होते, तरी पुष्कळ जागा मोकळी राहिली आणि तीत खुज्या घोरपडींच्या अनेक जाती निर्माण झाल्या. या गटाच्या जाती ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि तिमोर या भागांतच सापडतात, ही गोष्ट या मताशी जुळते.

आता युरोपीय वसाहतींबरोबर आलेली मांजरे रानटी होऊन ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातही पसरली आहेत. ती लहान सरपटणारे प्राणी मोठ्या प्रमाणावर खातात, आणि त्यांत या खुज्या घोरपडीही असतात.